ओल आहे तोवर

(ऑक्टोबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात परभणी येथे झालेल्या कार्यकर्ते व मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत केलेले भाषण)



मला "बदलतं पाऊसमान आणि आपली पिकं" या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पण आज दुपारी आपल्याला एक निर्णयही घ्यायचा आहे. अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळ्यांनी जी रक्कम गोळा केली, तिचं काय करायचं? गहू-तांदळाची पाकिटं वाटायची की आणखी काही करायचं? माझं बोलणं या प्रश्नाशी जोडूनच ऐकावं, अशी विनंती आहे.

गेल्या आठवड्यात मी जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात एका आंध वस्तीवर गेले होते. रस्ता वाहून गेल्यामुळे शेवटचे दोन किलोमीटर चिखलातून चालत जावं लागलं. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं, पण काळं पडलेलं. शेंगा उघडून पाहिल्या तर आत दाण्यांना कोंब फुटलेले. वस्तीवरच्या मोठ्या मायला आपण बरेच जण ओळखतो. तिला विचारलं, "माय, किती गेलं?"

ती म्हणाली, "दोन एकर व्हतं, दोन्ही गेलं. मोजून काय करतीस ताई?"

मी म्हटलं, "आम्ही किट आणतो. गहू, तांदूळ, तेल, डाळ."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खायाला कुनीबी देतंय, बाई. पेरायला कुनी देत नाई. अन् रान तर आता ओलंगच्च हाय."

तिचं हे वाक्य मी आज तुमच्यापुढे ठेवायला आले आहे. ते मला का लागलं, ते सांगण्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

माझी आई सेलू तालुक्यात शेतमजूर होती. आम्हाला जमीन नव्हती. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी सुरू झाली की आमच्या घरात धान्य यायचं. मजुरी पैशांत कमी आणि धान्यात जास्त मिळायची. शिवाय खळं उरकल्यावर आई आम्हा भावंडांना घेऊन सरवा वेचायला जायची. रानात पडलेली कणसं फाट्यात गोळा करायची, घरी आणून बडवायची. तेवढ्यावर आमचे उन्हाळ्याचे काही आठवडे निघायचे.

पुढे मी ईश्वरविद्येचा डिप्लोमा करत असताना वर्गात रूथचं पुस्तक आलं. शहरातून आलेल्या माझ्या मैत्रिणींना सरवा हा शब्द माहीत नव्हता. सर समजावून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आई होती. नवरा गेलेली, परक्या मुलखातून आलेली एक बाई दुसऱ्याच्या रानात मागं पडलेली कणसं वेचते आणि सासूला जगवते. लेवीयाच्या पुस्तकात तर आज्ञाच आहे की शेताचा कोपरान्‌कोपरा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. म्हणजे शेतात जे पिकतं त्यात शेत नसलेल्याचाही वाटा असतो.

आता मला सांगा, सोयाबीनच्या रानात सरवा कोण वेचतं? वेचून त्याची भाकरी होते का? त्याचा कडबा होतो का? आपल्या जिल्ह्यातून ज्वारी हटली तेव्हा मालकाच्या हातात रोख पैसा आला, हे खरं आहे. त्याच वेळी मजुराच्या घरातलं धान्य आणि शेळी-गाईची वैरणही गेली. हे आपोआप झालं नाही. त्यात पावसाचा हात आहे आणि माणसाचाही.

आधी पावसाचं सांगते.

आपल्याकडे वर्षाकाठी आठ-नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरतात. हा आकडा ऐकला की वाटतं, पुष्कळ झाला. पण पिकाला वर्षाची बेरीज कळत नाही. त्याला पेरणीनंतर, फुलोऱ्यात आणि दाणा भरताना पाणी लागतं, आणि काढणीला उघडीप लागते. पूर्वीचे लोक नक्षत्रांवरून हिशेब करायचे. मृगात पेरणी, मघा-पूर्वाच्या पावसावर पिकाचं पोसणं, उत्तरा-हस्तात रब्बीची पेरणी. दरवर्षी तो हिशेब जुळायचाच असं नाही. 1972 चा दुष्काळ आपल्या आई-वडिलांनी पाहिला आहे, रोजगार हमी योजनेची मुळं त्याच दुष्काळात आहेत. पण आता दोन टोकांमधलं अंतर फार कमी झालं आहे.

आपण स्वतः काय काय पाहिलं, ते आठवा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली आणि हाताशी आलेली रब्बी ज्वारी, गहू, हरभरा आडवा झाला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे 40 टक्के कमी पाऊस झाला. 2015 मध्ये पुन्हा तेवढीच तूट. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. नंतर 2021 च्या सप्टेंबरअखेरीला गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या जोराने आपली पिकं पाण्यात बसवली. 2023 चा ऑगस्ट देशातल्या नोंदींमधला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2024 च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडला झोडपून काढलं. आणि यंदाचा सप्टेंबर तर अजून आपल्या चपलांना चिकटलेला आहे.

याची कारणं शास्त्रज्ञ सांगतात ती अवघड नाहीत. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्र तापला की ते बाष्प पुरवणारा साठाही वाढतो. मग पाऊस थांबतो तेव्हा लांब थांबतो आणि येतो तेव्हा एकदम येतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवामान खात्याने 2020 मध्ये मोसमी पावसाच्या तारखाच बदलल्या. राजस्थानातून परतीला निघण्याची सर्वसाधारण तारीख 1 सप्टेंबर होती, ती 17 सप्टेंबर केली. म्हणजे मोठी माय जे म्हणते, "पाऊस आता जायाचं नाव घेत नाई," ते सरकारी कागदावरही आलं आहे.

आता माणसाचा हात.

आपल्या डोंगरपट्ट्यातली जुनी खरीप ज्वारी उंच असायची आणि उशिरा निसवायची. दिवस लहान होऊ लागले की ती फुलोऱ्यात यायची. त्यामुळे पाऊस गेल्यावर, कोरड्या हवेत तिचा दाणा पक्व व्हायचा. त्याच रानात तुरीची तासं असायची, मूग-उडीद असायचा, कडेला अंबाडी आणि तीळ. एक गेलं तर दुसरं हाती लागायचं. मग 1964 मध्ये सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आला आणि त्यामागून दुसरे आले. हायब्रीडने उत्पन्न वाढवलं, भुकेच्या वर्षांत माणसं जगवली, त्याबद्दल मी कृतघ्न होणार नाही. पण ते लवकर पक्व व्हायचं, आणि दाणा भरला की नेमका सप्टेंबरचा पाऊस यायचा. दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडायचा. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही आणि भाकरीला चव नाही. पावसाळा जसजसा लांबू लागला तसतशी शेतकऱ्यांनी खरीप ज्वारी सोडली आणि सोयाबीन धरलं.

यात माझाही हात आहे, हे मला आज सांगायचं आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी मी नवीन होते, उत्साही होते. वस्त्यांवरच्या बचत गटांना मीच सांगितलं की ज्वारीत काही उरत नाही, सोयाबीन घ्या. आकडे माझ्याकडे होते आणि ते खोटेही नव्हते. पहिली दोन-तीन वर्षं चांगली गेली, काही घरांवर पत्रे आले. पण सोयाबीनला एकरी तीस किलोच्या आसपास बियाणं लागतं. ते विकत, खत विकत, फवारणी विकत. 2014 आणि 2015 ला पेरणी करावी लागली दोनदा आणि हाती काही आलं नाही. पूर्वी पीक गेलं तर वर्ष उपाशी जायचं. आता पीक गेलं तर उपाशी वर्षावर कर्जही राहिलं. त्या दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांमध्ये माझ्या गटांतल्या बाया होत्या. त्यांची मुलं कोपीवर गेली आणि त्यातली काही पुन्हा शाळेत आली नाहीत. त्या बायांनी मला कधी दोष दिला नाही. पण मोठ्या मायने एकदा विचारलं होतं, "ताई, तू सांगितलंस ते विकायचं व्हतं. खायाचं कोनतं, ते नाई सांगितलंस." त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

मी कुणालाही सोयाबीन उपटून टाका असं सांगायला उभी नाही. बागायतदाराने काय पेरावं हे ठरवणारी मी कोण? मी फक्त आपल्या वस्त्यांबद्दल बोलते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू घराने सगळं रान एकाच विकाऊ पिकाखाली घालू नये, इतकंच माझं म्हणणं आहे.

आता या वर्षाचा प्रश्न. मोठी माय म्हणाली, रान ओलं आहे. तिच्या या बोलण्यात शेतीचं सगळं शास्त्र आहे. रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, ती ओलीवर येते. आपली भारी काळी जमीन स्पंजासारखी पाणी धरून ठेवते, आणि ज्वारीची मुळं खोल जाऊन ते पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरवून घेतात. ज्या पाण्याने सोयाबीन बुडवलं तेच पाणी आज जमिनीच्या पोटात आहे. गेल्या कित्येक वर्षांत इतकी ओल नव्हती.

पण ती वाट पाहत बसणार नाही. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत व्हावी, असं आपलं कृषी विद्यापीठ सांगतं. फार लवकर पेरली तर खोडमाशी पोंगे मारते. फार उशीर झाला तर दाणा भरताना ऊन तापतं, ओल सरते आणि पीक मार्चच्या गारपिटीच्या तोंडी सापडतं. सध्या रान चिबडलेलं आहे, वाफसा यायला आणखी आठ-दहा दिवस लागतील. म्हणजे वाफसा येईल त्या दिवशी बियाणं घरात हवं. त्या दिवशी आपण बैठक घेत बसलो तर उपयोग नाही.

बियाणं किती लागतं? एकरी चार किलो. सोयाबीनच्या तीस किलोंशी तुलना करून पाहा. आपल्या एका धान्य-किटच्या पैशांत एका घराचं एक एकर पेरून होतं. मालदांडी म्हणजे एम 35-1 हा वाण मोहोळला 1930 च्या दशकात निवडला गेला आणि अजून लोकांच्या तोंडात त्याच्याच भाकरीची चव आहे. परभणी मोती हा आपल्याच विद्यापीठाचा. हे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत, म्हणजे घरचं बी पुढच्या वर्षी पेरता येतं. मध्यम-हलक्या रानासाठी राहुरीचा फुले अनुराधा आहे. पेरताना किलोला चार ग्रॅम गंधक चोळलं की काणीचा त्रास टळतो. पेरल्यावर कोळपण्या वेळेवर झाल्या पाहिजेत. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आपले म्हातारे म्हणतात ते खरंच आहे, कारण कोळप्याने भेगा बुजतात आणि ओल उडून जात नाही.

चांगल्या ओलीवर एकरी चार क्विंटल आले, असं धरू. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो पीठ लागतं. म्हणजे दोनशे दिवसांची भाकरी झाली. वर कडबा. आणि रानात उभं पीक असलं की घरातलं एक तरी मोठं माणूस राखणीला थांबतं, आणि त्याच्या आधाराने लेकरं गावात राहतात, शाळेत जातात. दिवाळीनंतर मुकादमाच्या गाड्या लागतील, तेव्हा काही घरांना तरी "यंदा नको" म्हणता येईल.

कुणी म्हणेल, भुकेल्या माणसाच्या हातात बियाणं देऊन काय होणार? बरोबर आहे. म्हणून मी वाटणी सुचवते. ज्यांच्याकडे रेशन कार्ड आहे त्यांना अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो किंवा अंत्योदयाचं घराला पस्तीस किलो धान्य मिळतं आहे. त्यांनाच आपण पुन्हा गहू-तांदूळ का द्यावा? किट द्यावं ते कार्ड नसलेल्यांना. पारधी पालं, नुकतीच परतलेली कुटुंबं, एकटे म्हातारे. आणि ज्यांचं रान वाहून गेलं, माती खरडून खडक उघडा पडला, त्यांच्या हातात बियाणं देणं म्हणजे थट्टा होईल. त्यांना पंचनामा आणि रोजगार हमीचं काम मिळवून देण्यासाठी आपला माणूस तहसीलपर्यंत बरोबर गेला पाहिजे. बाकी ज्यांचं रान शाबूत आणि ओलं आहे त्यांना बियाणं.

आणखी दोन गोष्टी. बियाणं फुकट नको. चार किलो नेलं तर काढणीनंतर पाच किलो वस्तीच्या कणगीत परत. पुढच्या वर्षी पाऊस कसाही वागला तरी पेरणीसाठी कुणाच्या दारात जावं लागू नये. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठवलं म्हणून दुष्काळात माणसं वाचली. आपल्या आज्या-पणज्यांची पेवंही त्याच शहाणपणाची होती. दुसरी गोष्ट, बियाणं घेणाऱ्या प्रत्येक घराने काढणीच्या वेळी दोन तासं भूमिहीन शेजाऱ्यांसाठी सोडावीत, आणि सरवा वेचणाऱ्या बाईला रानातून हुसकावू नये. ही अट मी मोठ्या मायला सांगितली तेव्हा ती हसली. म्हणाली, "ही अट कशाला? पयले असंच व्हतं."

बंधू-भगिनींनो, ज्वारी मूळची आफ्रिकेतली. आज तिकडच्या साहेल पट्ट्यातले कोरडवाहू शेतकरीही आपल्यासारखेच बेभरवशाच्या पावसाशी झगडत आहेत. बुर्किना फासो या देशात याकुबा सावदोगो नावाचे एक शेतकरी होऊन गेले. त्यांनी कडक झालेल्या पडीक जमिनीत छोटे खड्डे खणून, त्यात शेणखत घालून, पावसाचा थेंबन्‌थेंब अडवून ज्वारी-बाजरी पिकवली. आधी लोकांनी त्यांना वेडं म्हटलं. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपल्याकडे खड्ड्यांऐवजी बंदिस्त वाफे आणि रुंद वरंबा-सरी आहे. सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं आणि पाऊस थांबला की तीच सरी ओल धरते. पुढच्या खरिपाआधी प्रत्येक वस्तीवर एका रानात हे करून दाखवू. विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. आपल्या कार्यकर्त्याने तो वाचून वस्तीवर सांगायचा, इतकं तर आपल्या हातात आहे.

पाऊस कधी पडावा, हे आपल्या हातात नाही. मी पंधरा वर्षांपूर्वी चुकले, आजही चुकू शकते. ज्वारीवरही गारा पडू शकतात. पण चार किलो बियाणं गेलं तर घर कर्जात जात नाही, आणि पीक आलं तर ते घरच्या चुलीपर्यंत येतं. म्हणून मी दुपारच्या मतदानात बियाण्याच्या बाजूने हात वर करणार आहे, आणि तुम्हीही करावा अशी विनंती करते. ठराव झाला तर उद्या सकाळी मी आणि दोन कार्यकर्ते बियाणं आणायला निघू. गाडी सांगून ठेवली आहे.

प्रभू आपल्या हातांच्या कामाला यश देवो. जय ख्रिस्त.